फाट्यावरची आरएस

नेवासा फाट्यावरच्या गॅरेजात येणारी कामं ठरलेली असतात. बोलेरो, पिकअप, स्विफ्ट, एर्टिगा. शनिवारी आणि अमावास्येला शिंगणापूरला निघालेल्या, वाटेत गरम होऊन थांबलेल्या टुरिस्ट गाड्या. आणि कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर. या सगळ्यांच्या मागे, शेडच्या आतल्या बाजूला, माझी स्वतःची गाडी उभी असते. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, २००५ सालची, पेट्रोल, टर्बो. तरुण पोरं ती बघायला येतात आणि दोनच गोष्टी विचारतात: पळते किती आणि परवडते कशी? पळण्याचं कंपनीच्या कागदावर छापलेलं आहे. परवडण्याचं कुठेच छापलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

दोन दारांची, दोन माणसांची, खरीखुरी स्पोर्ट्‌स कार आपल्या भागात फार कुणी जवळून पाहिलेली नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची एक तयार झाली होती, फायबरच्या बॉडीची, आत रेनॉचं लहान इंजिन. आज तिचा एखादा पार्ट शोधायचा म्हटलं तर दमछाक होईल. आपल्या आवाक्यात येते ती वेगळी जात: दिसायला घरची गाडी, पण पोटात तगडं इंजिन. ऑक्टेव्हिया आरएस २००४ मध्ये भारतात आली तेव्हा तिचं १.८ लिटरचं इंजिन १५० अश्वशक्ती देत होतं. एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणजे चारांना मिळून २०. त्या काळी घरोघर दिसणारी मारुती ८०० ही ३७ अश्वशक्तीची होती. एवढं सांगितलं की तेव्हा ही गाडी शेजारून गेल्यावर आम्हाला काय वाटत असेल ते कळेल.

आता ती मला परवडते यामागे माझी हुशारी थोडी आणि नगर जिल्ह्याचं देणं जास्त. शेंद्र्याला, संभाजीनगरच्या पलीकडे, २००१ पासून ऑक्टेव्हिया जुळवायला सुरुवात झाली. माझ्या गॅरेजापासून ते ठिकाण दीड तासाच्या आत. त्यानंतरच्या काही वर्षांत आमच्या साखरपट्ट्यात डिझेल ऑक्टेव्हिया म्हणजे मानाची गाडी झाली. कारखान्यांचे संचालक, ठेकेदार, डॉक्टर, सगळ्यांच्या दारात १.९ लिटरची टीडीआय. या गाड्यांनी शेताचे रस्ते तुडवले, पाटाच्या कडेने धावल्या, मीटर लाखांच्या पुढे गेले. त्यांच्याच अंगावर मी स्कोडाचं काम शिकलो. लोअर आर्म, बॉल जॉइंट, लिंक रॉड, दारांच्या काचांची मशिन, एसीचं बरंचसं सामान, दिवे, कुलपं, वायरिंगचा मोठा भाग, हे सगळं डिझेल ऑक्टेव्हियाचं आणि आरएसचं एकच किंवा थोड्याफार फरकाचं. आरएसचं स्वतःचं असं जे आहे ते म्हणजे टर्बो इंजिन, स्प्रिंग आणि शॉकअप, बंपर, सीट, चाकं. जुनी स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याने पहिल्यांदा हेच बघावं: हिची चुलत भावंडं आपल्या जिल्ह्यात किती आहेत आणि त्यांच्यातल्या किती आता भंगारात निघाल्यात. ज्या गाडीला इथे नातेवाईक नाहीत, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

माझी गाडी नगरच्या एका ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि गाडी तिथेच राहिली. ‘टर्बो गेलाय’ असं आधीच्या मेकॅनिकने सांगितलेलं, त्यामुळे भाव पडलेला. आज नव्या बुलेटला जेवढे पैसे लागतात त्याच्या आसपास सौदा होणार होता. मी जायच्या आधी फोन करून एकच सांगितलं: ‘शेठ, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ जुन्या टर्बो गाडीचं खरं रूप ती थंड असताना दिसतं. गरम इंजिन पुष्कळ दुखणी झाकतं. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला, बॉनेट थंड होतं. मग डिपस्टिक, ऑइलचं झाकण, कूलंटची बाटली. त्यानंतर एअर फिल्टरचा पाइप सोडून टर्बोच्या तोंडात बोट घातलं आणि आतलं चाक हलवून बघितलं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो. तो आडवा हलून चाक घराला घासत असेल तर मामला संपला. इथे चाक अलगद फिरत होतं, कुठे घासत नव्हतं, पात्यांच्या कडा शाबूत होत्या. मग गाडी चालू केली. निळा धूर नाही. रेस सोडल्यावरही नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, आकडे एकमेकांच्या जवळ आले. टर्बो गेलेला नव्हता हे मला कळलं. गाडी ताण का घेत नाही हे कळलं नव्हतं, पण जे काय असेल ते टर्बोपेक्षा स्वस्त असणार, या हिशोबावर मी टोकन दिलं.

बॉनेटखाली दोन गोष्टी लगेच दिसल्या, आपल्याकडच्या जुन्या गाड्यांमध्ये हमखास दिसतात त्या. रेडिएटरचा फॅन डायरेक्ट, म्हणजे सतत फिरत राहील असा केलेला, आणि थर्मोस्टॅट काढून टाकलेला. गाडी गरम व्हायला लागली की मूळ कारण शोधण्याऐवजी हे दोन उपाय केले जातात, आणि गिऱ्हाईकही खूश होतं, कारण काटा वर जात नाही. पण थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन नीट तापतच नाही. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडत राहतो, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि त्याच ऑइलवर टर्बोच्या बेअरिंगा फिरतात. थर्मोस्टॅट ही फार महाग वस्तू नाही. ती काढून टाकल्याची किंमत मात्र टर्बोपर्यंत जाते. हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगतो तेव्हा माझा आवाज चढतो, कारण चांगली इंजिनं अशी बसलेली मी पाहिली आहेत.

गाडी फाट्यावर आणली आणि पहिल्यांदा ऑइलचा चेंबर उतरवला. खाली जो थर साठला होता तो काकवीसारखा, पाना लावला तर पान्याबरोबर तार सुटणारा. त्याच चेंबरमध्ये ऑइल ओढून घेणारी जाळी असते, पंपाला जोडलेल्या नळीच्या टोकाला. तिची निम्मी भोकं बुजलेली होती. १.८ टर्बो इंजिनाचा हा ओळखीचा आजार आहे: ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा हलकं वापरलं की टर्बोच्या उष्णतेने ते जळून गाळ होतो, जाळी तुंबते, वरच्या कॅमशाफ्टला आणि टर्बोला ऑइल पोचेनासं होतं. जाळी रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशने, मग हवा मारून साफ केली. चेंबर खरवडून पुसला. नवीन ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइल भरलं, थोडंच चालवून तेही सोडून दिलं आणि पुन्हा नवीन भरलं. लोकांना वाटतं हा उधळेपणा आहे. साडेचार लिटर ऑइल आणि एक फिल्टर याच्या बदल्यात टर्बोचं आयुष्य मिळतं, यापेक्षा स्वस्त सौदा या गाडीत दुसरा नाही.

त्याच खोलण्यात टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलले. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि व्हॉल्व्ह २० आहेत. विकणारा म्हणाला होता, ‘बेल्ट मागेच बदललाय.’ बिल दाखवा म्हटल्यावर गप्प बसला. ज्या बदलाचं बिल नाही तो बदल झालेलाच नाही असं धरून चालायचं. वॉटर पंप निघालाच आहे तर तोही नवीन टाकायचा, आतली पाती लोखंडी असलेला. प्लॅस्टिकच्या पात्यांना वयानुसार तडे जातात. कूलंटमध्ये आमच्या बोअरचं पाणी अजिबात नाही. नेवाशाच्या पाटपाण्याच्या पट्ट्यात बोअरला क्षार किती आहेत ते घरातल्या नळाच्या तोट्या बघून कळतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेल्या जातीचंच कूलंट, दुसऱ्या रंगाचं त्यात मिसळायचं नाही.

एवढं सगळं करूनही गाडी ताण घेत नव्हतीच. तीन हजार आरपीएमच्या पुढे नुसती ओरडायची. स्कॅनर लावला तर मिश्रण पातळ असल्याचा कोड येत होता. म्हणजे न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरते आहे. हे शोधायचं यंत्र विकत मिळतं, पण फाट्यावर ठिबकच्या आणि पाइपलाइनच्या सामानाची दुकानं आहेत. तिथून पीव्हीसीचं एंड कॅप आणलं, टर्बोच्या तोंडच्या पाइपात घट्ट बसेल अशा मापाचं. त्याला मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. ते पाइपात घालून क्लिपने आवळलं आणि कॉम्प्रेसरवर दाब दहा पीएसआयला लावून हवा सोडली. जास्त दाब द्यायचा नाही, सील फाटतात. हाताखालचा पोरगा साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन एकेक जोड भिजवत होता. मोठ्या पाइपांवर काहीच नाही. इंटरकूलरवर काही नाही. मग त्याने इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, जिथे डोळा पोचत नाही तिथे, अंदाजाने पिचकारी मारली, आणि आतून फेस उसळून वर आला. बोटभर लांबीची रबरी नळी, उन्हाने-उष्णतेने कडक होऊन उभी चिरलेली. तिच्या बाजूचा वन-वे व्हॉल्व्हही सुटा होता. दोन्ही मिळून काही शे रुपयांचं सामान. नळी बदलली, क्लिपा नवीन लावल्या आणि इमामपूरच्या घाटाकडे गाडी काढली. पांढरीपुलाच्या पुढे चढ लागल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि मागून कुणीतरी सीटला ढकलावं तशी ती निघाली. शेजारी बसलेला पोरगा एवढंच म्हणाला, ‘आयला!’ मला त्याच्याइतकंच बरं वाटलं होतं.

परवडण्याचा माझा हिशोब असा आहे. गाडीला जेवढे पैसे दिले, त्याच्या निम्मे तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवायचे आणि त्यांना एका क्रमाने हात लावायचा. आधी ऑइल आणि पाणी. मग बेल्ट. मग ब्रेक आणि टायर. मग रबर: बुश, नळ्या, माउंटिंग. रंग, डेंटिंग-पेंटिंग, मोठी चाकं, आवाज करणारा सायलेन्सर, हे सगळं त्यानंतर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पोरं गाडी आणतात, पहिल्या आठवड्यात रॅप आणि सायलेन्सर, आणि टायर आठ वर्षांचे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं. रबर कडक झालेलं असेल तर ते ओल्या रस्त्याला धरत नाही.

बुशचं काम इथे जितकं स्वस्तात होतं तितकं शहरात होत नाही. फाट्यावर लेथवाले काका आहेत. ट्रॅक्टरच्या पिना, नांगराचे बुश, ट्रॉलीचे हब यात त्यांचं आयुष्य गेलं. आर्म अख्खा बदलण्याऐवजी फक्त बुश दाबून काढायचा आणि नवा बसवायचा, हे काम ते प्रेसवर माझ्यासमोर करतात. पहिल्यांदा त्यांच्याकडे आर्म घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो हातात फिरवून बघितला आणि विचारलं, ‘मिस्त्री, ह्याची तोंडं कुणीकडं हायेत? ह्याला बाजू दिसतीय.’ बुशच्या रबरात पोकळ्या असतात आणि त्या एका ठरावीक दिशेलाच यायला हव्या, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बघून कळलं. मी खडूने खुणा करून दिल्या, त्यांनी त्याबरहुकूम दाबला. जे सामान इथे मिळत नाही ते पुण्याला नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला बघायचं. इग्निशन कॉइल, सेन्सर आणि टायमिंगचं सामान मात्र जुनं कधीच घ्यायचं नाही.

अलीकडे एक नवी काळजी लागली आहे आणि तिचं मूळ आमच्याच शेतात आहे. भेंड्याला ज्ञानेश्वर कारखाना, सोनईला मुळा. आमच्या तालुक्याचं पोट उसावर. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून इथेनॉल निघतं, आणि २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. शेतकऱ्याला त्याचे चार पैसे मिळत असतील तर मला त्याचा आनंदच आहे, माझी निम्मी गिऱ्हाइकं ऊसवाली आहेत. पण २००५ ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत ते पाणी खाली बसतं. म्हणून मी पंपापासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या टाकल्या, फ्युएल फिल्टर आता लवकर बदलतो, आणि गाडी उभी ठेवायची वेळ आलीच तर टाकी अर्धी ठेवत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडा घटतो. टर्बो इंजिनाला एक फायदाही आहे: इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे दाबाखाली ठोका कमी येतो. जुनी गाडी बाळगणाऱ्याने पंपावरच्या पेट्रोलला शिव्या देण्यापेक्षा आधी नळ्या बदलाव्यात.

कागदांचा खर्च लोक धरतच नाहीत. १५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ पासून वर्षाला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. १५ वर्षं झाल्यावर आरसीचं नूतनीकरण; त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. शिवाय पर्यावरण कर आणि पासिंगला गाडी नेऊन उभी करायची. पासिंगला मूळ सायलेन्सर, मूळ दिवे असले की काम सरळ होतं, हेही गाडीत छेडछाड न करण्याचं एक कारण. दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांचा मोह पोरांना फार. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले आणि चांगल्या चांगल्या गाड्या मातीमोल भावाने इकडे यायला लागल्या. पण एनओसी, इथला कर, चेसिस नंबरची पडताळणी, आधीचा बोजा उतरलाय की नाही, हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीच विरघळते. गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर नुसत्या सह्या घेऊन वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर गाडी फिरवणारे आहेत. अपघात झाला तर काय, हा विचार त्यांनी केलेला नसतो.

आणि पळवायची कुठे? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. हंगामात रात्री संभाजीनगर रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाची वाढी बाहेर लोंबलेली. त्या ट्रॉल्यांना मागून धडकलेल्या गाड्या मी माझ्या शेडमध्ये ओढून आणल्या आहेत. त्यामुळे अंधार पडल्यावर माझी आरएस कुणाच्याही गाडीसारखी सावकाश चालते. तिची मजा मला पहाटे मिळते, घाटात, मर्यादेत राहून, योग्य गिअरला, वळणात गाडी बसते आणि बाहेर पडताना टर्बो अलगद भरतो तेव्हा. गॅरेजात परत आल्यावर लगेच चावी काढत नाही. टर्बोला थंड व्हायला मिनिट-दीड मिनिट इंजिन तसंच चालू ठेवतो. टर्बो गाडी असलेल्या प्रत्येक डिझेलवाल्या गिऱ्हाइकालाही हे सांगतो.

परवा कुकाण्याचा एक मुलगा आला. द्राक्षाचे दोन पैसे हातात आलेले, जुनी टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतलेली. म्हणाला, ‘दादा, आधी मॅप मारून घेऊ. बाकीचं नंतर बघू.’ रीमॅपने टर्बोचा दाब वाढतो, ताकद वाढते, हे खरं. पण मी त्याची गाडी रॅम्पवर घेतली आणि त्यालाच खाली उभं केलं. ब्रेक पाइप तडकलेले, मागचे पॅड लोखंडापर्यंत आलेले, टायर कडक, ऑइल काळंकुट्ट. ‘ह्या ब्रेकवर तू आहे त्या ताकदीची गाडी थांबवून दाखव,’ म्हटलं. तो बराच वेळ चाकाकडे बघत राहिला. मग त्याने फोन काढून घरी विचारलं आणि काम सांगितलं: चेंबर उतरवायचा, ब्रेक पूर्ण, चार टायर. रीमॅपचे पैसे वेगळे ठेवलेत. दिवाळीनंतर कॉम्प्रेशन मोजायचं, क्लच घसरतोय का ते घाटात बघायचं, आणि दोन्ही ठीक निघालं तर मॅपचं ठरवायचं. त्याची गाडी सध्या माझ्या आरएसच्या शेजारी खोललेली आहे. जाळी आजच साफ केली, हिचीही निम्मी तुंबलेली निघाली.